पगार नाही तरी ड्यूटी: अमेरिकेतली विमानतळाची युनियन संप का करत नाही?

निशा_पार्ले
माझा मावसभाऊ तिकडचा नागरिक आहे, एफएए म्हणजे तिथल्या सरकारी विमान वाहतूक खात्यात रडार आणि आयएलएस (विमानाला उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) सांभाळणारा तंत्रज्ञ. २०२५ला १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, खर्चाची मंजुरी अडली म्हणून सरकार बंद (शटडाऊन) होतं, तेव्हा हा रोज कामावर आणि पगाराच्या स्लिपवर शून्य! दादरहून मावशी विचारत होती, पैसे पाठवू का रे? त्याची 'पास' नावाची युनियन आहे, पण ती म्हणे फक्त खासदारांच्या ऑफिसात चकरा मारते. आपल्याकडे एव्हाना गेटवर घोषणा सुरू झाल्या असत्या. मग युनियन हवी कशाला?

चहा_कटिंग
संप केला की घरी. १९८१ला राष्ट्राध्यक्ष रेगनने संपावरचे अकरा हजारांवर कंट्रोलर (विमानांची वाहतूक नियंत्रित करणारे) एका फटक्यात काढले आणि त्यांची पॅटको ही संघटनाच मोडीत निघाली. केंद्र सरकारच्या नोकरांना तिथे संपाला कायद्याने बंदी आहे.

सहारचे_काका
निशाताई, मी विमानतळावर नोकरी केली, युनियनचं कामही केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. निवेदन घेऊन खासदाराच्या ऑफिसात जायचं, पीए "साहेब दौऱ्यावर आहेत" म्हणणार, आपण दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घ्यायचा आणि परत फिरायचं. तरुण पोरं हसायची. पण संपाचं हत्यारच काढून घेतलेलं असेल तर कायदा बदलून घेणं एवढंच हातात उरतं.

त्यांची खरी मागणी पैसे वाढवा एवढीच नाही. देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के कर लागतो, तो १९७०पासूनच्या एका विमान वाहतूक निधीत जमा होतो. म्हणजे सरकार बंद असतानाही प्रवासी पैसे भरतच असतात! पण काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खर्चाला मंजुरी दिल्याशिवाय त्यातून पगार काढता येत नाही. शटडाऊनमध्ये तो निधी एफएएला वापरू द्या, असं विधेयक २०१९पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. युनियनवाले त्याच्याच मागे लागलेत.

चकरांचा उपयोग होतो, पण खासदाराला झळ बसली की जास्त. २०१३मध्ये खर्चकपातीमुळे कंट्रोलरना २१ एप्रिलपासून बिनपगारी सक्तीची रजा दिली. विमानं रखडली आणि आठवड्याच्या आत ती रजा थांबवायचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास! खासदारांनाही शुक्रवारी घरी जायचं असतं ना. २०१९ला २५ जानेवारीला कंट्रोलर कमी पडले म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर येणारी विमानं थोपवली आणि ३५ दिवसांचा शटडाऊन त्याच दिवशी मिटला.

आणि आपल्या संपाचं म्हणाल, तर २००६च्या फेब्रुवारीत मुंबई-दिल्ली विमानतळांच्या खासगीकरणाविरुद्ध चार दिवस संप झाला. टर्मिनलमध्ये कचऱ्याचे डबे वाहत होते, प्रवासी ट्रॉल्या शोधत फिरत होते. विमानं मात्र उडत राहिली, आणि त्याच वर्षी विमानतळ खासगी कंपनीकडे गेलाच.

खाडिलकर_रोड
आपल्याकडे असला शटडाऊन होतच नाही. बजेट लांबलं तरी घटनेच्या कलम ११६प्रमाणे लेखानुदान (तात्पुरत्या खर्चाची मंजुरी) घेतात, पगार चालू राहतो. आणि लोकसभेने खर्चच नाकारला तर सरकार पडतं, कर्मचारी नाही.

निशा_पार्ले
काका, मग ते विधेयक इतकी वर्षं का अडलंय? कोणाचा विरोध आहे?

सहारचे_काका
उघड विरोध फारसा दिसत नाही. पण माझं विचाराल तर, विमानं रखडली की शटडाऊन लवकर मिटतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे. एफएएला वेगळं काढलं तर तो दबावच जातो, आणि मग बाकीच्या खात्यांचे लोक जास्त दिवस लटकतील. ही अडचण खरी आहे.

तुमच्या भावाचा थकलेला पगार मिळालाच असेल, २०१९च्या कायद्यात तशी तरतूद आहे. ठेकेदाराच्या माणसांना मात्र तो कायदा लागू नाही. त्याच्या ऑफिसात झाडलोट करणारे कोणाचे आहेत, विचारून बघा.