स्क्रू कॉम्प्रेसर घेण्याआधी एक चाचणी

एकांनी लिहिलंय की टूल्सना दाबाची हवा पुरवणारा जुना पिस्टन कॉम्प्रेसर काढून स्क्रू कॉम्प्रेसर घेतला तर वीजबिलातून दोन वर्षांत पैसे वसूल. होतातही, पण मशीन दिवसभर लोडवर, म्हणजे सतत हवा भरत असेल तर. आमच्यासारख्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या गाळ्यात हवा लागते ती थांबून थांबून. स्क्रू साधा असेल, म्हणजे व्हीएफडीवाला (गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा) नसेल, तर अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसता फिरतानाही पूर्ण लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातो. हे कोटेशनमध्ये कोणी लिहून देत नाही.

आम्हीही १५ एचपीच्या स्क्रूचं कोटेशन मागवून बसलो होतो, कारण आमचा १० एचपी 'पुरत नव्हता'. मग सुट्टीच्या दिवशी सगळी टूल्स बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू केला आणि घड्याळ लावलं. मोटर २ मिनिटं चालायची, ४ मिनिटं बंद. म्हणजे ६ पैकी २, कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या एक तृतीयांश हवा कुणीही न वापरता गळून जात होती! गळती शोधायला साबणाचं पाणी घेऊन फिरलो तर बुडबुडे दिसले ते क्विक कपलर (पाइपचे झटपट जोड), ग्राइंडरकडचा तडकलेला पीयू (प्लास्टिकचा) पाइप, आणि सगळ्यात मोठा चोर टाकीखालचा ड्रेन कॉक. पोरांनी पाणी काढून तो नेहमी अर्धवटच बंद केलेला. दुरुस्तीला तीन हजारही लागले नाहीत. कोटेशन अजून ड्रॉवरमध्येच आहे. पावडर कोटिंगचं काम वाढलं तर बघू, तेही व्हीएफडीवालाच.