मदत हवी आहे: इथेनॉल प्रकल्पाच्या जनसुनावणीत काय मांडायचं?

राम राम मंडळी. पंचगंगेकाठी आमच्या शिवाराला लागूनच एका कारखान्याची नवी डिस्टिलरी होतेय. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणी लागलीय. इथेनॉलला विरोध नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायचं तर उसालाच गिऱ्हाईक. धास्ती आहे स्पेंट वॉशची, म्हणजे डिस्टिलरीतून निघणाऱ्या सांडपाण्याची. मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना 8 ते 15 लिटर निघतो, काळपट, उग्र वासाचा. ओढ्यात उतरला की नदीत मासे तरंगलेच म्हणून समजा. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश मिळवला, त्यात ‘बॉयलरमध्ये जाळणार’ एवढंच. बॉयलर बंद पडला तर साठवणार कुठं? विहिरींचं पाणी तपासणार कोण? लेखी हरकतीचा नमुना कुणाकडं आहे का? आणि ती इतिवृत्तात आली का, हे कसं बघायचं? (साहेबांनी नुसती मान डोलावून भागत नाही.)