दादा आणि त्याचा केअरटेकर: ही मैत्री जरा जास्तच होतेय का?

निशिगंध_०७:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या भावाच्या मानेच्या मणक्याला मार बसलाय, डॉक्टरी भाषेत सी-सिक्स. म्हणजे खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, पण बोटं नाहीत आणि छातीखाली काहीच नाही. उठवणं, अंघोळ, कॅथेटर, रात्री कूस बदलणं सगळं दुसऱ्याने करायचं. आधी केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोकडून बरेच जण येऊन गेले, सगळे अगदी नम्र, हळू आवाजात बोलणारे, आणि दादा त्यांच्याशी कामापुरतं पण धड बोलायचा नाही. मग हा आला.

दादा गणिताचा प्राध्यापक, हा शाळा अर्धवट सोडून हमाली केलेला. दादाला "ओ मास्तर" म्हणतो, आणि तोंड असं की विचारू नका. परवा खुर्चीत बसवताना "मास्तर, पाय काय शोभेला ठेवलेत का, जरा घ्या की उचलून" असं म्हणाला, आई तर हादरलीच, आणि दादा हसतोय! इतका हसला की याला त्याचं पोट दाबून खोकला काढून द्यावा लागला.

दुपारभर रमी चालते. दादाला पत्ते धरता येत नाहीत म्हणून याने लाकडी पट्टीला खाच पाडून पत्ते उभे करायची सोय केलीये. दादा मनगट वर केलं की बोटं आपोआप थोडी मिटतात, त्या चिमटीत पत्ता धरून ओढतो, निम्म्या वेळा पडतो, आणि हा उचलून द्यायच्या आधी बघून घेतो म्हणून रोज भांडणं.

आता खटकतंय ते असं की दादा आम्हाला काही सांगत नाही, सगळं यालाच. आणि हल्ली याला घरच्या कामासाठी पैशाची गरज आहे तर दादा म्हणतो मी देतो. वडील म्हणतात नोकराला डोक्यावर बसवलंय, ब्युरोला सांगून बदलून घेऊ. मैत्री आहे की पगारासाठी गोड बोलणं, कसं ओळखायचं?

---

चाकावरचा:
गोड बोलणं?? ताई, तुम्हीच लिहिलंय की तो शिव्या घालतो 😀

मी पण व्हीलचेअरवर आहे म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. अख्ख्या पोस्टमध्ये दादाला विचारलं असं कुठेच नाही. आई हादरली, वडील चिडले, तुम्हाला खटकलं, आणि ज्याचं अंग तो माणूस उचलतो त्याला काय वाटतं? ते तर दिसतंय, हसतोय.

एड रॉबर्ट्स नावाचा माणूस होता अमेरिकेत. १९५३ ला १४ व्या वर्षी पोलिओ, मानेखाली लुळा, श्वासासाठी आयर्न लंग नावाचं मोठं पिंपासारखं यंत्र लागायचं. १९६२ ला बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला तर ते धूड मावेल असं होस्टेल नाही, म्हणून कॅम्पसच्या हॉस्पिटलातच राहिला. पुढे १९७२ मध्ये त्याने आणि बाकीच्यांनी तिथे अपंगांनीच चालवलेलं केंद्र काढलं. त्या सगळ्या चळवळीचं म्हणणं एवढंच की स्वावलंबी म्हणजे स्वतःच्या हाताने शर्ट घालणारा नाही, कुठला शर्ट, कधी आणि कोणाकडून घालून घ्यायचा हे ठरवणारा. मदतनीस ठेवायचा की काढायचा हे ज्याचं शरीर त्याने ठरवायचं. तुमचा दादा प्राध्यापक आहे, मानेला लागलंय, डोक्याला नाही.

---

सरळरेघ:
चाकावरचा यांचं पटतं पण पैशाचं हलक्यात घेऊ नका. आमच्या नात्यात असंच झालं, आधी थोडे उसने, मग थोडे अजून, आणि शेवटी तो माणूस तोंड चुकवायला लागला, यायचाच बंद झाला. गंमत म्हणजे काकांना पैशाचं काही नव्हतं, तो गेला याचं वाईट वाटत होतं. द्यायचे तर द्या पण लिहून ठेवा आणि पगारात कालवू नका.

---

रात्रपाळी:
मी हेच काम करतो, बरीच वर्षं. मोबाईलवर टाईप करतोय चुका असतील.

ताई आमचं काम कसं असतं, सकाळी पहिलं माणसाचं पोट साफ करायचं. हातमोजा घालून. त्या वेळी दोघांनी कुठे बघायचं हाच प्रश्न असतो. मी लागलो तेव्हा मान खाली घालून गुपचूप करायचो, मला वाटायचं हाच मान देणं, पण समोरच्याला ते जास्त टोचतं, त्याला वाटतं याला किळस येतेय म्हणून बोलत नाही. मग कोणीतरी एकजण वात्रट बोलतो आणि गाडी पुढे सरकते. तुमचा तो पाय शोभेला वाला जोक त्यातलाच. तो आईंनी केला असता तर मात्र दादा हसला नसता हेपण खरं, आईचा हात उचलताना थरथरतो ते त्याला कळतं ना.

आम्हाला का सांगतो, तर आम्ही ऐकून रडत नाही. घरच्यांना सांगितलं की आधी घरच्यांनाच गप्प करावं लागतं.

आता दुसरी बाजू, ही कोणी लिहिली नाही. मैत्रीत मरण आमचं होतं. पेशंट नुसता पेशंट असला की घड्याळ बघून निघता येतं. मित्र झाला की "थांब ना अजून एक डाव" आणि तो एक डाव रात्री दहापर्यंत. सुट्टी मागायला जीभ रेटत नाही, ओव्हरटाईम तर सोडाच. त्याला आठवड्याची सुट्टी आहे का? विचारा. नसेल तर वडिलांनी त्याला बदलायच्या आधी तोच एक दिवस कंबर धरून बसेल. माझी गेलीये एकदा.

---

फिजिओ_मनवा:
एक वैद्यकीय मुद्दा टाकते, कारण तो मैत्रीशी जोडलेला आहे. मणक्याला टी-सिक्स (छातीच्या मणक्यांतला सहावा) किंवा त्याच्या वर इजा असेल, दादांची मानेतली सी-सिक्स वरच येते, तर बीपी अचानक भडकू शकतं. कारण बऱ्याचदा फालतू असतं, कॅथेटरची नळी दुमडली, मूत्राशय भरलं, पोट तुंबलं, कपड्याची शिवण रुतली. पेशंटला खाली जाणीव नसते, पण डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम येतो. लगेच उठून बसतं करायचं, आडवं करायचं नाही, घट्ट कपडे सैल करायचे, नळी बघायची आणि कमी होत नसेल तर सरळ हॉस्पिटल. अशा लोकांचं बीपी मुळातच कमी असतं, वरचा आकडा ९० ते ११०, त्यामुळे १४० दिसला तर नवखा माणूस म्हणतो ठीकच आहे की, पण त्यांच्यासाठी ती धोक्याची घंटा असते. हे ओळखायला तो माणूस रोज कसा दिसतो, कसा बोलतो हे माहीत लागतं. रमीत भांडणारा गडी अचानक गप्प झाला हे ज्याला पहिल्या मिनिटाला कळतं, त्याला ब्युरोला सांगून बदलू नका प्लीज.

---

टाईमपास_पाटील:
अरे हे तर त्या 'द इनटचेबल्स' फ्रेंच पिक्चरसारखं झालं, व्हीलचेअरवरचा माणूस आणि त्याचा मदतनीस!

---

चाकावरचा:
@टाईमपास_पाटील वाटच बघत होतो कोण म्हणतंय 🙄 खरे दोघे होते ते, फिलीप पोझो दी बोर्गो, १९९३ ला पॅराग्लायडिंग करताना पडला, आणि त्याचा मदतनीस अब्देल सेलू. खरा अब्देल अल्जेरियात जन्मलेला, २०११ च्या सिनेमात त्याला सेनेगलचा केला. पण पोझो श्रीमंत होता राव, मोठा वाडा, हाताशी बाकी माणसं. सिनेमा बघून सगळे मला सांगतात तुला पण असा कोणी भेटेल. भेटेल हो, पगार कोण देणार तेवढं सांगा.

---

निशिगंध_०७:
सगळ्यांचे आभार. हा धागा दादाला वाचून दाखवला. वडिलांना मुद्दाम तिथेच बसवलं होतं.

पैशाचं दादा म्हणाला माझ्या खात्यातून देणार, पगाराशी संबंध नाही, कागदावर लिहू, आणि तो नाही फेडू शकला तर ते मी बघीन, तुम्ही त्याला तोंडावर काही बोलायचं नाही. वडील "बघू" म्हणाले, म्हणजे अर्धं हो.

सुट्टी खरंच नव्हती. ब्युरोच्या कागदावर होती, प्रत्यक्षात तो रोज येत होता. विचारलं तर म्हणे सुट्टी दिली तरी दुपारी पत्ते खेळायला येतोच की. दादा म्हणाला आलास तर दार उघडणार नाही. यावर तो म्हणाला "तुम्ही काय उघडणार मास्तर", आणि दोघं परत सुरू. आई या वेळी थोडं हसली.

@रात्रपाळी, आता सुट्टीच्या दिवशी दुसरा माणूस लागेल. दादा तर आत्ताच म्हणतोय दुसरा नको. कसं जमवायचं?

---

रात्रपाळी:
नवा माणूस आधी जुन्याच्या सोबत चारदोन दिवस येऊ दे, एकदम एकट्याच्या अंगावर टाकू नका. बेडवरून खुर्चीत घेणं जुन्याने दाखवायचं, पण हात कुठे घालायचा, कधी उचलायचं हे दादांनी तोंडाने सांगायचं, "एक दोन तीन" पण त्यांनीच म्हणायचं. खुर्चीत असताना पाऊणपाऊण तास तसंच ठेवू नका म्हणावं, पंधरावीस मिनिटांनी पुढे वाकवून बसायच्या जागेवरचा भार काढायला सांगा, नवे लोक हेच विसरतात. आणि रमी येणारा मागू नका ब्युरोकडे, पाठ मजबूत असलेला मागा.