ओस, पडीक की बेवारस?

प्रश्न : अमेरिकेतल्या रूट ६६ या जुन्या हमरस्त्यावरच्या बंद डायनरांचे, म्हणजे रस्त्याकाठच्या छोट्या खाण्याच्या जागांचे, फोटो मांडतोय. फोटोंखालच्या ओळी मराठीत हव्यात. ‘बेवारस’, ‘पडीक’, ‘परित्यक्त’ यांतला कोणता शब्द घ्यावा? आणि डायनरला खानावळ म्हणावं का?

उत्तर : ‘परित्यक्त’ आधी बाद करा. तो वाचला की नवऱ्याने टाकलेली बाई डोळ्यांपुढे येते, इमारत नाही. ‘बेवारस’ म्हणजे ज्यावर कुणी हक्क सांगत नाही ते. या जागांना मालक असतात. ‘आत येऊ नये’च्या पाट्या उगाच का लागतात? ‘पडीक’ ऐकलं की मला तरी जमीनच दिसते. ‘पडकं’ भिंतींबद्दल बोलतं, म्हणून छप्पर खचलं असेल तरच.

माझं मत ‘ओस पडलेलं’ला. माणसांची ये-जा आटली की जागा ओस पडते, आणि तिथे झालं नेमकं तेच. १९२६ साली आखलेला हा हमरस्ता गावागावांतून जायचा. १९५६च्या महामार्ग कायद्यानंतर आंतरराज्य महामार्ग गावांना वळसा घालून निघाले. अ‍ॅरिझोनातलं विल्यम्स १९८४ मध्ये सगळ्यांत शेवटी बाजूला पडलं आणि १९८५ साली ६६ हा क्रमांकच रद्द झाला. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या हद्दीवरचं ग्लेनरिओ बघा. टेक्सासकडच्या परगण्यात तेव्हा दारूबंदी होती, म्हणून दारूचे गुत्ते न्यू मेक्सिकोत. पेट्रोलवरचा कर टेक्सासला कमी होता, म्हणून पंप तिकडे. आय-४० हा आंतरराज्य महामार्ग बाहेरून गेला आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक एकदमच गेलं. तिथल्या जुन्या डायनरच्या भिंती उभ्याच आहेत, म्हणजे ‘पडकं’ बसत नाही.

दुसरं उत्तर : खानावळ नको हो! खानावळ म्हणजे महिन्याचे पैसे, ठरलेलं ताट. ढाबा जवळचा, पण खाटा आणि तंदूर सोबत घेऊन येतो. डायनरचं मूळ घोडागाडीत आहे: १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस रात्री गाडीवर खाणं विकायचा. पुढे आगगाडीच्या भोजनडब्यावरून नाव पडलं. कॅन्ससमधल्या विचिटाची व्हॅलेंटाइन कंपनी तर आठ-दहा स्टुलांची आख्खी डायनरं कारखान्यात बांधून धाडायची. तेव्हा डायनरच म्हणा. ‘हॉटेल’च्या वळणाने ‘ते डायनर’ हे लिंगही बसतं.

प्रश्नकर्ता : पटलं. पण अ‍ॅरिझोनातल्या ट्विन अ‍ॅरोजला अडचण आहे. जमिनीत रुतवलेले दोन भलेमोठे बाण आणि शेजारी एक व्हॅलेंटाइन डायनर. गाव असं नाहीच. एकट्या टपरीएवढ्या इमारतीला ‘ओस’ जड नाही होत?

उत्तर : घर ओस पडतं, वाडाही पडतो. दुकानाला मात्र आपण ‘बंद पडलं’ म्हणतो. ‘बंद केलं’ लिहू नका, त्यात मालकाची मर्जी येते. ग्लेनरिओला ‘ओस’, ट्विन अ‍ॅरोजला ‘बंद पडलेलं’. सगळ्या फोटोंना एकच विशेषण हवं, असं कुणी सांगितलंय?