फ्रेंच छापासारखं कापड घरी करता येईल का? मेंढ्यांऐवजी होड्या हव्यात!

सुरंगीचा_वळेसर: नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ल्यात कापडी पिशव्या नि बटवे शिवते. परवा भाचीने मोबाईलवर एक फ्रेंच कापड दाखवलं, पांढरट कापडावर नुसत्या निळ्या रेघांची चित्रं, मेंढपाळ, झाडं, कुत्री, अगदी पेनाने काढल्यासारखी. मला तसंच करायचंय, पण आपल्याकडचं, माड, होड्या वगैरे. बटाट्याचा ठसा करून बघितला तर उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड) नि शीड सगळं एकात एक, नुसता निळा गोळा. कोणी केलंय का असं काही?

खाडीकाठचा: ते त्वाल द जुई. पॅरिसजवळच्या जुई गावात ओबरकाम्फने १७६० ला छपाईचा कारखाना काढला, आधी लाकडी ठसेच होते, १७७० पासून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायला लागले म्हणून एवढी बारीक रेघ. बटाट्याला ते कुठून जमायला! लिनोशीट (ठसे कोरायची मऊसर शीट) घे नाहीतर मोठं खोडरबर. आणि चित्रं चिकटवू नको एकमेकांना, सुटी सुटी बेटं ठेव, मधे मोकळं कापड दिसलं पाहिजे, खरी गंमत त्यातच आहे.

देवगडकर_७१: कॉपी करतोय असं वाटून घेऊ नका हां. ही छापील सुती कापडं मुळात आपल्याकडूनच गेली, आपली आजी ज्याला चीट म्हणायची ना तीच. फ्रान्समधे त्यांचं एवढं वेड लागलं की तिथल्या रेशीम नि लोकरवाल्यांनी बोंब मारली आणि १६८६ ते १७५९ चक्क बंदी होती! तिकडे दक्षिणेला प्रोव्हान्सच्या छापांत अजून कोयरी असते बघा.

मालवणी_मावशी: बाय गो, आधी कापडाची खळ काढलंस काय? कोरं कापड धुवून वाळवून घे नाहीतर रंग वरच्यावर बसतो नि पहिल्या धुण्यात जातो. खाली जुनी चादर घडी करून घाल, ठसा नीट उठतो. रंग पूर्ण सुकला की उलट्या बाजूने इस्त्री. आणि पावसात हे उद्योग नकोत, माझ्या सहा पिशव्यांना बुरशी आली होती.

सुरंगीचा_वळेसर: सगळ्यांना थँक्यू!! खोडरबरावर केलं, उलांडी एकदम सुटी आली, बघतच बसले. फक्त हौसेने खाली वेंगुर्ला कोरलं होतं ते सरळ कोरलं 😄 आता चार पिशव्यांवर आरशात बघून वाचावं लागतंय.