पाटणच्या पावसात नायट्रो दारू टिकवायची कशी?

कोयनाकाठ
परवान्यात नोंद असलेले बंदुकीच्या नायट्रो (धूर न करणाऱ्या) दारूचे दोन डबे आणि १२ बोअरची काडतुसं आहेत. इकडं जूनपासून भिंतींना ओल येते. सगळं लोखंडी ट्रंकेत सिलिका जेल टाकून ठेवावं म्हणतोय. फ्रीज चालेल का? दहा वर्षं टिकायला हवी.

सांगलीकर_नेम
काडतुसांना ट्रंक उत्तम, जेलसकट. कागदी नळीची असतील तर गरजच आहे, दमटपणानं फुगली की बंदुकीच्या नळीत बसत नाहीत. दारू मात्र तिथं नको. मोकळ्यावर ती भसकन जळून जाते, पण मजबूत लोखंडात कोंडलेली पेटली की दाब वाढून स्फोट होतो. कंपनीचा डबा मुद्दाम कमी दाबाला उघडेल असा केलेला असतो, म्हणून दारू त्यातच राहू द्या. तो लाकडी कपाटात ठेवा: फळी २५ मिमी जाड, सांधे साधे, वर कुलूप. टोप्या (काडतूस पेटवणाऱ्या) वेगळ्या ठिकाणी, त्यांच्याच खोक्यात.

डब्यात जेल टाकू नका. दारूत थोडा ओलावा मुरलेला असतो, तो गेला की ती जास्त वेगानं जळते आणि नळीतला दाब वाढतो. फ्रीजही नको, बाहेर काढून उघडलात की आत दव धरतं.

पावसापेक्षा मोठा शत्रू उन्हाळा. आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. ही दारू ज्याची बनते ते नायट्रोसेल्युलोज सावकाश विघटत असतं, त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तीच क्रिया आणखी वाढवतात. दारूत मिसळलेलं डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक ते शोषून घेतं, पण तेही संपतं. उष्ण जागी लवकर. घरातली सर्वांत थंड, बिनउन्हाची खोली निवडा, चुलीपासून आणि मीटरपासून लांब. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा, जुना आधी संपवा, उरलेली दुसऱ्यात ओतू नका.

कोयनाकाठ
एका डब्याच्या झाकणाला आतून गंज आहे.

जुना_आर्मरर
बाहेरचा गंज पावसाचा, आतला बहुधा आम्लाचा. झाकण उघडल्यावर ईथर-स्पिरिटसारखा वास आला तर दारू ठीक. नाकाला झोंबणारा आंबट वास, तांबूस वाफ किंवा दाण्यांवर विटकरी भुकटी दिसली तर ती बिघडली. तोंड डब्यावर धरून हुंगू नका, हातानं वारा घेऊन बघा. काडतुसात भरायची तर नाहीच. डबा कोमट लागला तर गाडीवर घालू नका, घरापासून लांब सावलीत ठेवून पोलीस ठाण्याला कळवा.

ठासणीवाला
पाण्यात बुडवली की निकामी होत नाही का?

जुना_आर्मरर
ती तुमची काळी दारू. तिच्यातला शोरा विरघळतो. नायट्रो विरघळत नाही, वाळली की पुन्हा पेटते. म्हणून ओढ्यात किंवा मोरीत ओतू नका, परवाना असलेल्या विक्रेत्याला किंवा ठाण्याला आधी फोन करा, मग त्यांच्या सांगण्यानं हलवा. परवानाधारक वारले असतील तर शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१ वारसांना लागू होतं: काडतुसं विनाविलंब ठाण्यात किंवा विक्रेत्याकडं जमा, पावती घेऊन.