मदत हवी आहे : दौऱ्यावरील ‘ले मिझराब्ल’साठी आसन कोठे घ्यावे?

‘ले मिझराब्ल’ हे माझे अत्यंत आवडते सांगीतिक नाटक असून त्याच्या दौऱ्यावरील प्रयोगाची तिकिटे काढायची आहेत. परंतु आसन कोणत्या भागात घ्यावे हे ठरत नसल्याने जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

१९८५ साली लंडनमध्ये आलेल्या मूळ इंग्रजी निर्मितीत जॉन नेपिअर यांनी योजलेला फिरता रंगमंच होता आणि लढाईनंतर बंडखोरांची तटबंदी सावकाश वळून तिच्या पलीकडे पडलेला, त्यांचा विद्यार्थी-नेता आंजोल्रास याचा देह प्रेक्षकांसमोर येई. ही कल्पना मला आजही अजोड वाटते. पंचविसाव्या वर्षानिमित्त २००९ साली दौऱ्यासाठी जी नवी मांडणी झाली, तीत मात्र फिरता रंगमंच वगळला गेला व ज्यांच्या कादंबरीवर हे नाटक बेतले आहे त्या व्हिक्टर ह्यूगो यांनी स्वतः काढलेल्या चित्रांवरून स्फुरलेली दृश्ये मागील बाजूस प्रक्षेपित होऊ लागली. (कादंबरीकाराची चित्रकला अशी कामी यावी, हे मला विशेष भावते.)

ज्यांनी ही मांडणी पाहिली आहे त्यांनी कृपया सांगावे, की नायक ज्याँ वाल्ज्याँ जखमी तरुण मारियुसला घेऊन भुयारी गटारांतून जातो तेव्हाची सरकती दृश्ये पुढच्या रांगांतून नीट दिसतात, की त्यासाठी सज्जातील मधली आसने बरी? बाल्कनीच्या खाली, अगदी मागे बसल्यास दृश्याचा वरचा भाग झाकला जातो का? शिवाय समूहगीतांत अनेक पात्रे एकाच वेळी निरनिराळे शब्द गातात, ते कोठून अधिक स्पष्ट ऐकू येतात?